पानबाईंच्या नावाचं मशीन

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय नथमलशेठ, ज्यांच्या येण्यानं या कार्यालयाच्या दारात आज पोलीस उभे राहिले ते प्रमुख पाहुणे माननीय साहेब, आमच्या नागरिक मंडळाचे सर्वेसर्वा भरतराव, व्यासपीठावरील मान्यवर, घोडेगाव आणि पिंपरी पेंढारहून आलेली मंडळी, जुन्नरकर बंधुभगिनींनो, आणि पुढच्या खुर्च्यांवर रुमाल पडलेले असल्यामुळं मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या एसटीतल्या सोबत्यांनो,

आपण मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, माझ्याबद्दल बरंच गोड बोललात. एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो, एवढं गोड माझ्याशी कुणी बोललेलं नाही. भरतराव आत्ता म्हणाले, "कुंडलिकभाऊ मुलीकडं सुखानं ऱ्हायला मुंबईला चाललेत." सुखानं? मी मुंबईला का चाललो, हे या कार्यालयात माहीत नाही असा एक तरी माणूस आहे का? असेल तर त्याच्यासाठी सांगतो. साहेबांनाही कदाचित कुणी सांगितलं नसेल.

माझी आरती एका लहानशा विमान कंपनीत सुरक्षेच्या कामावर आहे. विमानतळाच्या इमारतीत पोलीस तपासतात, पण विमानाच्या शिडीपाशी कंपनीची माणसं पुन्हा एकदा तपासतात. तिथं पडद्याआड बायकांची झडती आरती घेते. गेल्या वर्षी संक्रांतीला मी तिचं काम बघायला गेलो. तिच्या हातातलं ते धातू शोधायचं मशीन, आमटीच्या डावाएवढं असतं बघा, त्याचं झाकण केसांच्या रबरानं बांधलेलं होतं. चाललं तर चाललं, नाही तर हातानं चाचपायचं. मी तिच्या वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "काका, पगारच दोन-दोन महिने लांबतायत, नवीन मशीन कुठून आणू? तुमच्याकडचे कुणी व्यापारी देत असतील तर बघा, स्वीकारायचं पत्र मी देतो."

ते पत्र खिशात घालून मी जुन्नरची पेठ पालथी घातली. घोडेगावला गेलो. काय उत्तरं मिळाली! एक बियाणंवाले म्हणाले, "मारुतीच्या देवळात पंखा देऊ की राव, इमानाला कशापाय?" दुसरे म्हणाले, "आमी एसटीनं जानारी मानसं, आमचं काय जातंय?" हे दुसरे वर्षातून दोनदा दुबईला द्राक्षं पाठवतात आणि पाठोपाठ स्वतःही जातात. कसे जातात, ते त्यांनाच विचारा.

होकार एकट्या नथमलशेठनी दिला, तोही चहा संपायच्या आत. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला भरून आलं होतं. त्यांनी मुंबईहून नवंकोरं मशीन मागवलं. एकच अट घातली, मातोश्रींचं नाव टाकायचं. आमचा संपत पेंटर बसला आणि तांबड्या ऑइलपेंटनं 'कै. पानबाई यांचे स्मरणार्थ' असं लिहिलं. अक्षरं इतकी टपोरी, की शेवटचा 'र्थ' मशीनच्या दिव्यावर गेला. तो मी रॉकेलनं पुसून काढला. नावाला माझी काय हरकत? मी जन्मभर नावं घातलेल्या पंख्यांखालीच बसलोय.

मग भरतराव मध्ये पडले. म्हणाले, "असं पिशवीत घालून कोन देतं का? लोकार्पण करू, साहेबांची तारीख घेऊ." मशीन मखमली पेटीत आणि पेटी मंडळाच्या कपाटात गेली. किल्ली त्यांच्या जाकिटात. गेल्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेची ही गोष्ट. श्रावणात तारीख मिळाली, ती रद्द झाली. दसऱ्याला मिळाली, तीही गेली. मी म्हणालो, "भरतराव, मशीन सकाळच्या गाडीनं पोचवतो, कार्यक्रम मागनं करा." तर म्हणाले, "भाऊ, कारेक्रम न्हाई झाला तर आपन दिलं हे कळनार कुनाला?"

आणि मी काय केलं? गप्प बसलो. दर बैठकीला गेलो, चहा प्यायलो, घरी आलो. माझी बायको बयाबाई रोज विचारायची, "दिलं का वो मशीन?" मी म्हणायचो, "देनारेत." मला तुमची किळस येते हे आज उघड सांगतो, पण आधी माझी स्वतःची येते.

गेल्या फाल्गुनात जुनं मशीन कायमचं बंद पडलं. एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं दोरा तोडायला ब्लेडचं उघडं पातं कनवटीला खोचलेलं, इमारतीतल्या तपासणीत ते पोलिसांच्या नजरेतून सुटलं. बाईच्या मनात काही नव्हतं, ती स्वतःच रडत होती. आरतीनं हात घातला. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. मशीन असतं तर ते आधी वाजलं असतं. आता ती बोटं वळत नाहीत. तिला कणीक मळता येत नाही, वेणी घालता येत नाही. म्हणून आम्ही म्हातारा-म्हातारी चाललोय. आणि परवा सोमवारी ती त्याच पडद्याआड, त्याच हातानं पुन्हा कामावर उभी राहणार आहे. मंडळानं तेव्हा तिला फुलांचा गुच्छ पाठवला होता, त्याबद्दल आभार.

आज सकाळी मी या दारातून आत येत होतो. हवालदारांनी माझ्या अंगावरून मशीन फिरवलं, ते वाजलं. खिशात अडकित्ता होता. मी मशीनकडं पाहिलं, तर त्यावर तांबड्या अक्षरात पानबाई. चौदा महिने जे कपाट उघडलं नाही, ते आज साहेबांसाठी दोन मिनिटांत उघडलं! साहेब, तुमचा जीव मोलाचा आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण भरतराव, माझ्या पोरीची बोटं कुठल्या हिशेबात धरली होतीत? बसा, बसा, उठू नका. माझं होतच आलंय.

साहेब आत आल्यावर हवालदारांनी मशीन फेट्यांच्या टोपलीत ठेवलं आणि ते चहाला गेले. ते आता माझ्या पिशवीत आहे, तुम्ही दिलेल्या नारळाखाली. नथमलशेठ, मान खाली घालू नका. तुम्ही दिलेली वस्तू जिला दिली तिच्याकडंच चालली आहे. सोमवारपासून तुमच्या मातोश्री माझ्या लेकीचा हात राखतील. आणि साहेब जाईपर्यंत दारावर कुणाला तपासायचं असेल, तर हातानं तपासा. आमची आरती तसंच करत आली.

माझी गाडी लागली असेल. आपण सर्वांनी इतकी वर्षं मला आपलं मानलंत, आज शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. मी शिकलेला वक्ता नाही. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द वावगा गेला असेल, तर लहान समजून पदरात घ्या.

मशीन नेतोय, त्याची मात्र माफी मागत नाही.