चौतिसाव्या कलमातलं क्रियापद

(अर्थखात्याची कचेरी; इथं मान देताना पुरुषाच्या नावाआधी 'सी' आणि बाईच्या नावाआधी 'लल्ला' लावतात.)

लमजद : बाकी एकशे बारा पानांवर तुमची सही आहे, लल्ला नजीबा. एकट्या एकेचाळिसाव्या पानावर नाही. छापखान्याची गाडी खाली उभी आहे.

नजीबा : उभी राहू द्या. त्या पानावर चौतिसावं कलम आहे, सी लमजद, आणि त्यातलं क्रियापद माझं नाही. काल मी तपासून दिलं तेव्हा होतं, "एक जानेवारीपासून रवा आणि पिठावरचं सरकारी अनुदान बंद होईल." आज सकाळी आले तर "उचलण्यात येईल."

लमजद : मंत्र्यांच्या कचेरीतून बदलून आलंय. अर्थ तोच आहे.

नजीबा : भाव उचलला म्हणजे वर गेला. ताट उचललं म्हणजे गेलं. अर्थ दोन आहेत, आणि त्यांना दोन्ही हवेत.

लमजद : अर्थसंकल्प सभागृहात पोचवायची मुदत आज तीन वाजता संपते. घटनेनं घातलेली तारीख आहे, माझी नव्हे. आणि तुमचं काम भाषा तपासायचं आहे, धोरण नाही.

नजीबा : धोरणावर मी एक शब्द बोलले? वसंतात तुम्ही प्रत्येक खात्याला खर्चाची मर्यादा कळवलीत, ते पत्र मीच तपासलं. मग उन्हाळाभर दवाखानेवाले, रस्तेवाले, शाळावाले याच जिन्यावर बसून वाढवून मागत होते. थोडं थोडं सगळ्यांना दिलंत. शेवटी तूट निघाली. पगाराला हात लावता येईना, व्याजाला लावता येईना, म्हणून हात पावाकडे गेला. जाऊ दे. माझी तक्रार नाही.

लमजद : जायलाच हवा होता. त्या स्वस्त पिठातलं किती हॉटेलांत आणि बिस्किटांच्या कारखान्यात जातं, ठाऊक आहे ना? शिळा पाव लोक कोंबड्यांना घालतात. अनुदान बंद करा असं मी स्वतः लिहून दिलं होतं.

नजीबा : मग तेच छापा.

लमजद : छापलं तर सभागृहात पडेल. ते पडलं की तूट भरत नाही. तूट भरत नाही म्हटल्यावर कर्जाचा पुढचा हप्ता येत नाही. आणि मार्चमध्ये गव्हाचं जहाज बंदराबाहेर उभं राहील, कारण पैसे हातात पडल्याशिवाय ते लोक एक पोतं उतरवत नाहीत. मग महाग पाव की स्वस्त, हा प्रश्नच उरणार नाही.

नजीबा : आणि कर्ज देणाऱ्यांना काय वाचायला दिलंय? फ्रेंच प्रतही माझ्याच टेबलावरून गेली. तिच्यात "रद्द" आहे. परक्यांना सरळ शब्द, आणि घरच्यांना हा.

लमजद : घरचे इतकं बारीक वाचत नाहीत.

नजीबा : बघू या. मब्रुका, बरी आलीस, ये आत.

मब्रुका : पेले न्यायला आले, लल्ला. खाली उपाहारगृहात दोन कमी पडतायत.

नजीबा : ही ओळ वाच बघू.

लमजद : हे गोपनीय आहे.

नजीबा : तीन वाजता साऱ्या देशाला कळायचंय. वाच गं.

मब्रुका : "एक जानेवारीपासून रवा आणि पिठावरचं... सरकारी अनुदान... उचलण्यात येईल." चला, झाली एकदाची आमची आठवण. कितीनं उचलणार, साहेब?

लमजद : तुला काय समजलं?

मब्रुका : हेच की, वर नेणार. म्हणजे पाव उतरेल. माझी सून घरी रव्याचे बारीक दाणे वळून कुसकुस विकते. भाव चढायच्या भीतीनं रव्याच्या सहा गोण्या आत्ताच घेऊन टाकू म्हणत होती. तिला सांगते थांब म्हणून.

(नजीबा तिच्या हातातून कागद घेऊन लमजदपुढे सरकवते.)

मब्रुका : काय झालं? चुकलं का वाचायला?

नजीबा : तू बरोबर वाचलंस. पण सुनेला म्हणावं, गोण्या आजच घे.

मब्रुका : आजच? म्हणजे काढून घेतायत होय? मग तसं लिहायला शाई जास्त लागते का, सी लमजद? मी तुमच्या कॉफीत साखर घालते तीसुद्धा विचारून घालते. पेले नंतर नेईन.

लमजद : हे तुम्ही बरं केलं नाहीत. आता अर्ध्या तासात सगळ्या इमारतीला कळेल.

नजीबा : सतरा वर्षांपूर्वी तू या खोलीत नवा होतास. विजेचे "सुधारित दर" असं लिहून आणलं होतंस. मी विचारलं, वाढले की उतरले? तू खाली मान घालून स्वतःच्या हातानं खोडलंस.

लमजद : तेव्हा मंत्र्यांचा फोन मला येत नव्हता.

नजीबा : आता येतो, म्हणून तुम्ही म्हणायचं. बरं, सी लमजद, तुमचं पुढे चालू द्या.

लमजद : सही करा. नाही केलीत तर मला दुसऱ्या कुणाला तरी बसवावं लागेल, आणि त्याआधी तुम्हाला लेखी हुकूम द्यावा लागेल.

नजीबा : दुसरं आहे कोण? दुसरी तपासनीस सईदा, ती बाळंतपणाच्या रजेवर आहे. माझ्यानंतर नियमात तुमचंच नाव येतं. तेव्हा एकेचाळिसाव्या पानावर तुमची सही पडेल. घ्या कागद.

लमजद : निवृत्तीला तुमची दोन वर्षं राहिलीत. बदली कुठे करतील याचा नेम नाही. वाळवंटातल्या जकातनाक्यावरसुद्धा पाठवतील.

नजीबा : तिथंही पावत्या लिहाव्याच लागत असतील. लिहा हुकूम.

लमजद : "श्रीमती नजीबा यांना अर्थसंकल्पाच्या मसुद्याच्या जबाबदारीतून आजपासून मोकळं करण्यात येत आहे..."

नजीबा : "मोकळं" नको. "काढलं" लिहा. त्यावर मी लगेच सही करते.