क्रूसाविना अप्पम

सारम्मा : मागच्या दाराने आले म्हणून रागावू नका, एलियाम्मा चेडत्ती. पुढून आले असते तर आमच्या चर्च कमिटीला दिसलं असतं.

एलियाम्मा : दार उघडलं ना मी? फडक्यात काय आहे?

सारम्मा : पेसहाचं अप्पम. आज पवित्र गुरुवार, तांदळाची ही भाकरी घरात मोडायलाच हवी. आणि गूळ-नारळाचं दूध, तुम्हाला लागतं तसं दाट.

एलियाम्मा : घेऊन जा.

सारम्मा : असं काय करता? घरधनी जाऊन वर्ष झालं नाही, तुम्हाला स्वतः करता येत नाही. शेजाऱ्यानेच आणायचं असतं. माझी सासू गेली तेव्हा कोणी आणलं होतं? तुम्हीच की.

एलियाम्मा : तेव्हा चर्चचे दोन पक्ष नव्हते. आता माझ्या पक्षाचे आणतील.

सारम्मा : कोण? इथे तुमच्या पक्षाचं एकच घर उरलंय, आणि त्या कुंजेलीला गुडघ्यामुळे उठता येत नाही.

एलियाम्मा : मग यंदा पेसहा नाही. आठ महिने कोंडल्यासारखी बसलेय, त्यात आजचा एक दिवस. या खिडकीतून चर्च दिसतं, घंटा ऐकू येते, आणि पाऊल टाकता येत नाही. आमचे फादर नऊ किलोमीटरवर भाड्याच्या हॉलमध्ये प्रार्थना घेतात. दोन जिने चढून.

सारम्मा : कोर्टाचा कागद आमच्या बाजूने आला, चर्च आमच्या पक्षाला मिळालं, यात माझी काय चूक?

एलियाम्मा : तुझी नाही. पण कबरस्तानाची किल्ली कोणाकडे होती? माझ्या ओसेफला दोन दिवस अंगणात बर्फावर ठेवावं लागलं, सारम्मा. तुझा नवरा चाक्को किल्ली घेऊन कबरस्तानाच्या फाटकाशी उभा. तीस वर्षं याच ओट्यावर दोघं पत्ते खेळले.

सारम्मा : कमिटीने उभं केलं होतं त्यांना. त्यांची तरी कुठे सुटका होती? तेव्हापासून धड जेवत नाहीत. आज तांदूळ त्यांनीच दळून आणले, मी सांगितलंही नव्हतं.

एलियाम्मा : दाखव. यावर क्रूस का नाही?

सारम्मा : झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळते ती पात क्रूस करून लावायची, पण ती आमच्या फादरच्या हातची. तुम्ही शिवला नसतात. म्हणून मधोमध कोरं ठेवलं. तुमच्याकडची लावा.

एलियाम्मा : माझ्याकडे कुठली? जिने कोण चढणार? थांब. त्या तसबिरीमागे बघ.

सारम्मा : ही तर पार वाळली. गेल्या वर्षीची? नाताळात चर्चच्या शेकोटीत टाकायची असते ना ही?

एलियाम्मा : नाताळात मला आत कोण घेणार होतं? राहिली. ओसेफने आणलेली. तेव्हा सगळ्यांनी एकाच टोपलीतून उचलली होती. दोन तुकडे कर. हळू, चुरा होईल.

सारम्मा : झाला क्रूस. जरा वाकडा झालाय.

एलियाम्मा : असू दे. आता मोडायचं कोणी? घरातल्या मोठ्या पुरुषाने मोडायचं. मुलगा मस्कतला. चाक्को कुठे आहे?

सारम्मा : मागे फणसाखाली. आत यायची हिंमत होत नाही.

एलियाम्मा : मागून मी त्याला घेणार नाही. पुढच्या फाटकाने येऊ दे.

सारम्मा : चेडत्ती, समोर आमच्या कमिटीचा सेक्रेटरी राहतो. उद्या गुड फ्रायडेला आम्हाला चर्चची पायरी चढू देणार नाहीत. आणि तुमचे लोक तुम्हाला सोडतील?

एलियाम्मा : नाही सोडणार. हॉलसुद्धा बंद होईल मला.

सारम्मा : मग कशाला?

एलियाम्मा : ओसेफला दोन दिवस सगळ्यांनी बघितलं. आता चाक्कोलाही माझ्या फाटकाशी दोन मिनिटं बघू देत. जा, सांग.

(सारम्मा जाते. थोड्या वेळाने पुढच्या फाटकाशी पावलं येऊन थांबतात.)

चाक्को : एलियाम्मा. मी आलोय.

एलियाम्मा : दिसतंय.

चाक्को : त्या दिवशी मी... मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

एलियाम्मा : दूध निवतंय.

चाक्को : समोर सेक्रेटरी बाहेर आलाय. बघतोय.

एलियाम्मा : मग तिथे का उभा आहेस? कडी काढ आणि ये. या फाटकाला कुलूप नाही.