वहिनीने घेतलेला शब्द

“हॅलो? … हॅलो, कोण? … संध्या? अगं बोल ना… हो, हो, येतोय आवाज.”

शनिवारची दुपार होती. ओमानमधल्या अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये मैत्री कुकर लावत होती. हा फोन आज ना उद्या येणार, हे तिला आठ दिवस ठाऊक होतं. बाळकृष्ण हा तिच्या नवऱ्याच्या, अनुपच्या कंपनीतला वेल्डर आणि संध्या ही गुहागरला राहणारी त्याची बायको. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं, पण फोनवर पापडाच्या कृतीपासून सासूच्या गुडघ्यांपर्यंत सगळं बोलून झालेलं.

“भाऊंना कामावरून काढलं ते कळलं गं, अनुपने सांगितलं… जेवतात ना नीट? … दुसरी नोकरी धरायला एनओसी? नाही गं देणार अर्बाब, मालकच ते. युनियनचं नाव काढलं की अंगाची आग होते त्यांच्या… हो, एनओसी नाही म्हणजे दोन वर्षं ओमानमध्ये पाय ठेवायचा नाही. खलास… अगं गुन्हा कसला? युनियन काढता येते इथे, कायद्यात आहे तसं. आपल्या माणसांनाही येते… हो ना. कागदावर सगळं असतं.”

“किती जण फिरले म्हणतेस? … एकोणीस? म्हणजे सगळेच की… हुसैनमियाँ पण?”

मैत्रीने कपाळाला हात लावला. युनियनच्या अर्जावर पहिली सही हुसैनमियाँचीच होती. मॅनेजरने एकेकाला केबिनमध्ये घेतलं आणि एकेकाने हात वर केले. अर्ज इंग्रजीत होता साहेब, आम्हाला काय कळतंय, बाळकृष्ण म्हणाला कॅम्पवरच्या खोल्यांच्या एसीसाठी आहे, म्हणून सही केली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय! फसवून सह्या घेतल्या म्हणून बाळकृष्णाला काढलं, आणि सोमवारचं तिकीटही हातात ठेवलं.

“खोटं आहे ते, मला माहीत नाही का? … अगं ऐक ना, ऐक. मेसमध्ये सगळ्यांना बसवून अनुपने तो वाचून दाखवला होता. हिंदीतून, ओळ न् ओळ… हो. लिहिलाही त्यानेच.”

लिहिणारा सोफ्यावर बसून ऐकत होता. सेफ्टी इंजिनियर माणूस. वडील बत्तीस वर्षं म्युनिसिपालटीच्या युनियनमध्ये, त्यामुळे अर्ज कसा लिहायचा याचं त्याला बाळकडूच. लिहिला अगदी झकास. खाली सही मात्र केली नाही.

“उद्या? … लेबर ऑफिसात? … हो, इथे रविवारी उघडं असतं… फक्त तेवढंच सांगायचं… हं. मी वाचून दाखवला, सगळ्यांना कळलं होतं, एवढंच… कळतंय गं मला, दुसरं कोणी नाही सांगायला.”

तिने अनुपकडे पाहिलं. घरी नाही म्हणून सांग, असं त्याने हाताने खुणावलं.

“अनुप ना? … आहे. इथेच आहे… नाही, तो उद्या येणार नाही… संध्या? … रडू नको गं… त्याला बोलू नको काही, मला बोल. पेन घेतलेला हात मीच धरला त्याचा. लेकीची दहावी आहे, व्हिसा गेला तर मधेच कुठे नेऊ तिला, म्हटलं. भाऊंचं काय होईल, हे नाही आलं मनात. खरंच नाही आलं.”

“काय? … तूही तेच केलं असतंस? … नको ना गं असं म्हणू. त्यापेक्षा शिव्या घाल.”

कुकरची शिट्टी झाली. मैत्रीने गॅस बंद केला आणि अनुपकडे पाठ फिरवली.

“ऐक, संध्या. भाऊंना सांग, आता नाव घ्या. अर्ज कोणी लिहिला विचारलं की सेफ्टीच्या अनुपने, म्हणून सांगा. मग बोलावतील त्याला. बोलावल्यावर तो खोटं नाही बोलणार.”

मागे अनुप उठून उभा राहिल्याचं तिला कळलं. तिचं नाव त्याने हळूच घेतलं.

“नाही घेणार नाव? का पण? … शब्द? कोणाला दिलाय शब्द? …”

मैत्री ओट्याला टेकली. त्या शुक्रवारी बाळकृष्ण अर्ज घेऊन निघाला, तेव्हा जिन्यापर्यंत जाऊन तिनेच म्हटलं होतं, भाऊ, काही झालं तरी ह्यांचं नाव नको. तो हसून बरं म्हणाला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होता आठ दिवस, आणि तोही तिच्यापायी.

“मला दिलाय. हो… मीच मागितला होता. मग मीच सोडते. सांग त्यांना, वहिनीने शब्द परत केला. आजच्या आज सांग, संध्या, उद्या… हॅलो? … ऐकलंस का? … हॅलो? संध्या?”

फोन कट झाला होता. तिकडचा बॅलन्स संपला असणार. आता करायचा तर इथूनच करायला हवा होता, आणि नंबर समोर दिसत होता. राहू दे आता, अनुप म्हणाला, जे व्हायचं ते होईल. मैत्री नंबरवर बोट धरून उभी राहिली. एकदा ते तोंडातून काढायला जेवढं बळ लागलं, तेवढं दुसऱ्यांदा तिच्यापाशी नव्हतं. लाज वाटत होती तिला, फार वाटत होती, पण बोट काही हललं नाही.

रविवारी सकाळी अनुप साडेसहाला ड्यूटीवर निघाला. तिने त्याला डबा भरून दिला.