दहा नंबरची प्रत

पाच मिनिटं! पाच मिनिटांत म्हणे अलीकडे वाचलेलं पुस्तक सांगा, का वाचावं ते सांगा, दहापैकी गुण द्या आणि खाली बसा. अहो, पाच मिनिटं मला गुडघे सरळ करून या माइकपाशी पोचायला लागतात, पुस्तक कधी सांगू? आणि माझ्या आधी त्या सिग्नेट गावच्या बाई येऊन नऊ पुस्तकं सांगून गेल्या, नऊ! एका उन्हाळ्यात! वर म्हणतात, यंदा जरा कमीच झालं वाचन... मी सबंध आयुष्यात एक वाचलं आणि त्याने माझी ही अवस्था केली. तुम्हाला सांगतो, मी वाचणारा माणूस नाही. हे मी ग्लेनिसलाही सांगितलं. ती बघा, तिसऱ्या रांगेत, निळा स्वेटर, आता पर्समध्ये काहीतरी शोधल्याचं नाटक करतेय, तीच. आमच्या गावच्या वाचक मंडळाची सगळी सूत्रं तिच्या हातात. म्हणाली, क्लेम, यंदाच्या मेळाव्यात आपल्या मंडळातर्फे तू बोलणार आहेस. विचारलं नाही हो, कळवलं.

तर मी क्लेम पर्डन. चाळीस वर्षं ह्युऑन नदीच्या काठी सफरचंदाच्या शेडमध्ये माल निवडला. पट्ट्यावरून फळ येतं, एक नजर टाकायची, हे पेटीत, हे गावच्या बाजाराला, हे रसाला. एका फळाला एक सेकंद. आता असल्या माणसाला तुम्ही चारशे पानांचं पुस्तक दिलंत तर तो काय करणार? वरून एक नजर टाकणार आणि रसाला पाठवणार. मी वाचणारा माणूस नाही, यात माझा काय दोष?

पण बायको वाचणारी मिळाली. नोरीन. खोकं तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे, होबार्टहून येतं ते हिरवं, एकाच पुस्तकाच्या दहा प्रती, प्रत्येकीच्या पाठीवर नंबर, महिनाभर वाचा आणि पुढच्या गावाला धाडा. आमच्या मंडळात बायका नऊ, प्रती दहा. झालं! नोरीन दोन घेऊन यायची. नऊ नंबरची तिची आणि दहा नंबरची माझी. माझ्या खुर्चीशेजारी एक स्टूल आहे, त्यावर आणून ठेवायची आणि म्हणायची, "हे तुला आवडेल बघ, क्लेम." दर महिन्याला! अकरा वर्षं! आणि दर महिन्याला मी म्हणायचो, हो हो, बघतो. आणि त्यावर चहाचा मग ठेवायचो.

आता खरं सांगा, लाजू नका. तुमच्यातल्या किती जणांना दहा नंबरची प्रत मिळाली की तिच्या पुठ्ठ्यावर गोल तपकिरी डाग असतो? हात वर करा... बघा, बघा! त्या मागच्या बाईंनी तर दोन्ही हात वर केले. अहो, तो मी. सबंध टास्मानियात माझा चहा पोचलाय. लेखकसुद्धा इतक्या घरांत पोचले नसतील.

तर नोरीन मार्चमध्ये गेली. ऐन तोडणीच्या दिवसांत. सगळा गाव मळ्यांत होता, अंत्ययात्रेला लोक मातीने भरलेल्या बुटांनीच आले, आणि मला ते फार बरं वाटलं, का ते विचारू नका. तीन आठवड्यांनी ग्लेनिसचा फोन. आवाज असा मऊ, लोण्यासारखा, म्हणजे काहीतरी काम असणार हे मी ओळखलंच. म्हणाली, घाई नाही रे क्लेम, पण ते खोकं... होबार्टच्या कचेरीतून दोनदा विचारणा झाली... दोन प्रती कमी आहेत... म्हटलं, आणून देतो. शोधल्या. दहा नंबरची स्टुलावरच होती, डागासकट. नऊ नंबरची हॉस्पिटलमधून आलेल्या पिशवीत होती, तिच्या पायमोज्यांखाली. दोनशे बाराव्या पानावर केसांची पिन अडकवलेली.

पिन तशीच राहू दिली आणि पुस्तक मिटलं. असो.

मला वाटलं, दारातून पुस्तकं द्यायची आणि सुटायचं. पण ग्लेनिसच्या घरून कोणी दारातून परत गेलंय का आजवर? आत नेलं, आठ बायका गोल करून बसलेल्या, एक खुर्ची रिकामी, त्यात मला बसवलं. हातात बशी, बशीत अंड्याचे सँडविच, वर चॉकलेटात बुडवलेला लॅमिंग्टन केक. आणि मी पहिला घास घेतोय तर रॉझलिन, आमच्या शाळेच्या जुन्या बाई, चष्मा नाकावर ओढून मला विचारतात, "मग क्लेम, तुझं काय मत आहे?"

म्हटलं, अंड्यात करी पावडर थोडी जास्त झालीय.

सगळ्या हसल्या. अशा हसल्या, जणू मी काय बोलणार हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं! रॉझलिनबाई म्हणतात, हाच, हाच तो तिरकस स्वभाव, नोरीन सांगायची तसाच. आणि म्हणे, ते देवमाशांच्या शिकारीवरचं पुस्तक झालं होतं ना, त्यावर तू म्हणाला होतास की या लेखकाने आयुष्यात एक मासासुद्धा साफ केलेला नाही... आम्ही महिनाभर हसत होतो रे. मी? मी म्हणालो? कुठल्या देवमाशाचं पुस्तक? मी वाचणारा माणूस नाही हो, असं म्हणायला तोंड उघडलं तर तोंडात लॅमिंग्टन.

मग त्यांनी वही काढली. मंडळाची वही. पुस्तकाचं नाव, खाली एकेकीचं मत, एक ओळ, आणि गुण. आणि दर पानावर, नोरीनच्या ओळीखाली, नोरीनच्याच अक्षरात... 'क्लेम'. अकरा वर्षं! एक महिना चुकलेला नाही. क्लेम म्हणतो, वरून लाल, आत पीठ, सात. क्लेम म्हणतो, नायक बरा आहे पण त्याला एक दिवस शेडमध्ये उभा करा, सगळं तत्त्वज्ञान गळून पडेल, सात. क्लेमला कुत्रा मेला ते पान दोनदा वाचून दाखवावं लागलं, डोळे पुसत होता, कबूल करणार नाही, सात. क्लेमला सगळ्याला सातच!

आणि गंमत सांगू का? वाक्यं माझीच होती. म्हणजे बोललो मीच होतो, पण पुस्तकांबद्दल नाही. जेवताना कुरकुर करतो ना माणूस, शेजाऱ्याबद्दल, पाद्रीबाबांबद्दल, सफरचंदांबद्दल, ते सगळं ती बाई जपून ठेवत होती आणि पुस्तकांना लावत होती. 'वरून लाल, आत पीठ' हे मी ग्लेनिसच्या मेव्हण्याबद्दल म्हणालो होतो... ग्लेनिस, पर्समध्ये नाही सापडायचं ते, वर बघ.

पण तुम्हाला सांगतो, ती वही चाळता चाळता माझं हसू गेलं. त्या वहीतला क्लेम फार चांगला माणूस होता हो. संध्याकाळी बायकोशेजारी बसायचा. तिला म्हणायचा, थांब, ते पान परत वाच. तिच्याशी भांडायचा, नायिकेने घर सोडायला नको होतं म्हणून. सकाळी उठून विचारायचा, पुढे काय झालं? माझ्या बायकोचं अकरा वर्षं दुसऱ्याच माणसाशी सूत जुळलेलं होतं आणि त्या माणसाचं नाव क्लेम पर्डन. मला त्याचा राग आला. नंतर हेवा वाटला. आणि मी कुठे होतो? मी त्याच खोलीत, दोन हातांवर, चहाचा मग ठेवायला जागा शोधत होतो.

आणि रॉझलिनबाई पेन सरसावून बसलेल्या. बोल, क्लेम, या महिन्याचं पुस्तक? ग्लेनिस म्हणाली, रॉझलिन, राहू दे ना. पण शाळेच्या बाई कधी राहू देतात का? खरं सांगावं तर नोरीन सगळ्यांसमोर खोटी पडते, ती तर उत्तर द्यायलाही नाही. खोटं सांगावं तर सांगू काय? पुस्तकाचं नाव 'सात तारांचं कुंपण', एवढं पुठ्ठ्यावर वाचलं होतं, तेही डागाच्या भोवतालचं. शेवटी म्हटलं, बरं आहे... शेवट काही जमला नाही... दहापैकी सहा.

सहा? क्लेमने सहा दिले? रॉझलिनबाई शेजारणीच्या कानात पुटपुटल्या, ते मला स्वच्छ ऐकू आलं, म्हणाल्या, नोरीन गेल्यापासून फार कडक झालाय बिचारा.

आणि मग त्यांनी लिहायला शेवटचं पान उघडलं आणि त्यांचा हात थांबला. कारण त्या पानावर आधीच लिहिलेलं होतं. ग्लेनिस हॉस्पिटलात भेटायला गेली होती ना, तेव्हा वही घेऊन गेली होती. वाकडंतिकडं अक्षर, ओळ उतरत गेलेली. नोरीन: दोनशे बारा पानांपर्यंत पोचले. त्याखाली, क्लेम: अजून उघडलेलं नाही. उघडेल. शेवट काय होतो ते मला येऊन सांगणार आहे.

अकरा वर्षांत त्या वहीत माझ्या नावापुढे लिहिलेली ती पहिली खरी ओळ. आणि मी बसलोय, तोंडाला चॉकलेट, शेवट जमला नाही म्हणून सांगून.

आता हे मी ग्लेनिसलाही सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतो. शेवटी शेवटी नोरीनच्या डोळ्यांना अक्षरं लागेनात. मला म्हणाली, दोनशे बारापासून तू वाच ना रे मला. मी म्हटलं, चष्मा गाडीत राहिलाय. दुसऱ्या दिवशी परत म्हणाली. चष्मा गाडीत. चार दिवस, चारही दिवस चष्मा गाडीत! आणि चष्मा माझ्या खिशात होता. अहो, मला मोठ्याने वाचता येत नाही, अडखळतो, शाळेत सगळे हसायचे, बाजूच्या खाटेवर परकी बाई, तिच्यासमोर कसं... म्हणजे, लाज वाटली. पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोपुढे माणसाला लाज वाटते, हे सांगून कोणाला पटेल? पाचव्या दिवशी तिने मागितलं नाही. म्हणाली, बरं, घरी जाऊन वाच आणि शेवट मला येऊन सांग. मी म्हटलं, हो हो, बघतो. सहाव्या दिवशी सकाळी तिकडून फोन आला.

तर त्या दिवशी ग्लेनिस मला फाटकापर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, ग्लेनिस, ती खोटारडी नव्हती गं. ती म्हणाली, "मेव्हण्याचं ते वाक्य मी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं, क्लेम. पण 'क्लेम म्हणतो' असं म्हणताना तिचा चेहरा बघायला हवा होतास." आणि दहा नंबरची प्रत माझ्या हातात परत कोंबली. म्हणाली, होबार्टला मी सांगते काय ते. खोकं थांबेल.

खोकं सात आठवडे थांबलं. ज्या गावाला त्यामुळे उशीर झाला त्यांची माफी मागतो, कोण ते... हां, तुम्ही, डोव्हरवाले, माफ करा. मी वाचणारा माणूस नाही, एका पानाला मला पंधरा मिनिटं लागतात. दोनशे बारापर्यंत मनातल्या मनात वाचलं. तिथून पुढे मोठ्याने. रोज सकाळी, न्याहारी झाली की, स्वयंपाकघराच्या टेबलाशी, तिच्या खुर्चीकडे तोंड करून. अडखळत. पहिल्या दिवशी आमचा कुत्रा उठून बाहेर गेला. जाऊ दे. चौथ्या दिवशी परत आला आणि पायाशी बसून राहिला, त्याला बहुतेक पुढे काय होतं ते हवं होतं.

आणि पुस्तक सांगू का तुम्हाला? दोन भाऊ आहेत. शेजारी शेजारी मेंढ्यांची कुरणं, मधे कुंपण, आणि तीस वर्षं एकमेकांशी अक्षर बोललेले नाहीत, का ते दोघांनाही नीट आठवत नाही. शेवटी धाकटा आजारी पडतो. थोरला त्याच्यासाठी मटणाची तंगडी भाजतो, जळते बिचाऱ्याची, तशीच फडक्यात गुंडाळून कुंपण ओलांडतो, अंगण ओलांडतो, दारावर टकटक करतो... आणि संपलं! पुस्तक संपलं! दार उघडलं की नाही? धाकटा आत होता की आधीच गेला? एक अक्षर नाही! मी पान उलटलं, मागे कोरं. आणखी एक उलटलं, छापखान्याचा पत्ता. आता मी नोरीनला सांगू काय, कपाळ? आयुष्यात एकदा बाईने मला एक काम सांगितलं, शेवट काय होतो ते सांग, आणि सात आठवडे खपून मी शेवटाला पोचतो तर त्या लेखकाने शेवटच लिहिलेला नाही!

मी बराच वेळ त्या खुर्चीला सांगत होतो. म्हटलं, नोरीन, दार उघडलं असेल. वास गेला असेल ना आत, जळका का होईना. मला वाटतं उघडलंच असेल. तुला काय वाटतं? तर अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तिला विचारलं, तुला काय वाटतं, आणि...

झाली पाच मिनिटं? झाली. ग्लेनिस हात करतेय. बसतो.

गुण राहिले. सहा. शेवट जमलेलाच नाही, मी न वाचता सांगितलं होतं तेच खरं. वहीत मात्र सात लिहिले, क्लेमने नेहमी सातच दिलेत. वाचा. घरी कोणी वाचून दाखव म्हणालं तर चष्मा खिशात आहे का बघा. तिला सांगायचं राहिलं म्हणून तुम्हाला सांगतो, दुसरं काय!

हां, आणि खोकं तुमच्या गावी येईल तेव्हा दहा नंबरची प्रत ज्याच्या वाट्याला येईल त्याने रागावू नका. पुठ्ठ्यावरचा डाग चहाचा आहे, माझाच. शेवटच्या पानावरचे तेवढे चहाचे नाहीत. होबार्टच्या कचेरीने त्याबद्दल चिठ्ठी पाठवलीय मला, आत्ताच, परवा आली. 'प्रत क्रमांक दहा. शेवटच्या पानाला पाणी लागलेलं आहे. पुढच्या वेळी काळजी घ्यावी.'

बरं बुवा. पाणी तर पाणी.