बानूबाईचा ब्रेकर

…तिकडं कुठं निघालाव साहेब? तिथं झालाय की. तो बानूबाईचा ब्रेकर. आपल्याला हितं बसवायचाय, ह्या चिंचंम्होरं. टेप हितनं धरा, माझ्या उंबऱ्यापास्नं. अर्जात तसंच लिव्हलंय, ग्रामसेवकानं वाचून दावलं आन् मगच मी अंगठा दिलाय — 'ठकूबाई रखमाजी यांचे घरासमोर गतिरोधक बसविणेबाबत.' ठकूबाई म्हंजी मीच. पाणी घ्या आदी, शिरूरवरनं उन्हात आलाव. मागच्या खेपेला मोजायला आला तवा बानूबाईच्या वट्यावर च्या पिलाव म्हणं? — न्हाई, मला काय करायचंय, आपलं इचारलं. माझ्याकडं बी च्या व्हतो. दुधाचा व्हतो.

आता रस्ता बघा तुम्ही. आदी हितनं आमची मेंढरं जायची न्हाईतर यखादी बैलगाडी. मग डांबर पडलं, तिकडं रांजणगावला कंपन्या आल्या, आन् हायवेला गर्दी म्हणून समदी पोरं आमच्या वस्तीतनं घुसाय लागली. साडेतीनला शिफ्ट सुटू द्या, मंग बघा — एक गेली, दोन गेल्या, रांगच लागती फटफट्यांची. कोंबडी जित्ती ऱ्हात न्हाई. आन् बानूबाईच्या नातीचा, सोनमचा, पाय मोडला की मागल्या शिमग्यात, पिकअपखाली. वाईट झालं. खोटं कशाला बोलू, लई वाईट झालं, मी सोता रोज गावरान अंडं घिऊन जायाची पोरीला. पर पाय मोडला पोरीचा आन् ब्रेकरला नाव कुणाचं पडलं? बानूबाईचं! यष्टीचा कंडाक्टर सुदिक वरडतो, 'बानूबाईचा ब्रेकर, चला उतरा.' माझी थोरली जाऊ ती. माझ्या चार वर्सं आदी ह्या घरात आली आन् तवापास्नं समदं तिलाच पयलं. नळ आला तर पयला तिच्या दारात. टीव्ही आला, तिच्या घरात. आन् आता हे. तोंडावर दिसतंय साहेब तुमच्या. व्हय, जळते मी. तीस वर्सं जळतीय, आता काय लपवायचं त्यात.

न्हाई, ब्रेकरचं काय झालंय ते सांगते ना. ती बसती वट्यावर पाय पसरून, तांदूळ निवडत. गाडी आली का हळू व्हती, आन् हळू झाली का माणसाला बोलावंच लागतंय, न्हाई का? 'काय मामी, बरं हाय का?' 'मामी, सोनमचा पाय कसा हाय?' निस्ता दरबार भरलेला. आन् हितं — साठ पावलं हायत, मोजल्यात मी — त्या ब्रेकरवरनं उतरलं का जो तो गेर टाकतो आन् माझ्या दारात येवस्तवर सुसाट. तिला रामराम आन् मला धुरळा. माझ्या वट्यावर बी बसायला जागा हाय की! शेणानं सारवलेला हाय, बघा, तिच्यासारखा उकरलेला न्हाई.

काय? पोरं किती हायत दारात? व्हय, अर्जात लिव्हलंय, 'लहान मुलांच्या जिवास धोका.' ग्रामसेवक म्हणला तसं लिव्हावं लागतंय. तशी हितं… तशी पोरं न्हाईत. मालक हायत, ते शेरडामागं रानात. मी हाय. कोंबड्या हायत. आन् पोर हाय की एक, बिरदेव, सव्वीस वर्साचं. कंपनीत परमनंट हाय. ते हितं ऱ्हात न्हाई.

फुडं ऱ्हातो, पाण्याच्या टाकीपाशी, भाड्याच्या खोलीत. हितनं हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच लांब. दिवाळीपास्नं गेलाय बायकोला घिऊन. जातो रोज हितनंच, दुसरा रस्ताच न्हाई त्याला. बानूबाईच्या ब्रेकरवर हळू झाला का म्हंतो, 'मोठी आय, जेवलीस का?' मला हितं ऐकू येतंय. मोठी आय! नऊ महिने मी वागवला, मेंढरामागं फिरताना पाठीला बांधून हिंडवला, आन् मोठी आय ती. मग गेर टाकतो आन् माझ्या दारावरनं झूंऽऽ. मान सुदिक वळवत न्हाई. रोजचं अर्धं मिन्ट गावतंय साहेब तिला माझ्या पोराचं, त्या तुमच्या शिमिटाच्या टेकाडापायी. मला बी पायजे तेवढं. जास्ती नगं, अर्धंच.

का गेला म्हंजी? झालं काय न्हाई. पाडव्याला त्यानं मला लुगडं आणलं आन् हर्षदाला, म्हंजी सुनंला, साडी. दोघींस्नी आणलं, त्याचं काय चुकलं न्हाई. तिची जरा झ्याक हुती. मी म्हणले, तीन वर्सं झाली, साड्याच नेसणार का कूस बी उजवणार हायस? एवढंच म्हणले. चार बायांत म्हणले, हे चुकलं. पोरगी भाकरी थापत बसली, तव्यावरची करपली तरी तिला ध्यान न्हाई. बानूबाई तिथंच हुती, तिनं तिला उठवून आपल्या घरी नेलं. मी उठवायला पायजे हुतं. मी बसून ऱ्हायले.

आता सांगितलंच हाय तर हे बी सांगते, तुमास्नी कोण तरी सांगणारच. मागशीर्षात मी रस्त्यावर हुलगं टाकलं हुतं. समदीच टाकत्यात — गाड्या वरनं गेल्या का आपोआप मळून निघतंय, बडवाय नगं. पर मी टाकलं ते जरा जाड टाकलं. आन् साडेतीनच्या येळंला टाकलं. म्हणलं हुलगं बघून तरी हळू व्हईल, हळू झाला का म्हणीन, 'बिरू, च्या घेतोस का?' कुठलं काय! त्या कोरड्या शेंगांवर चाक सरकलं आन् माझ्या डोळ्यादेखत आडवा झाला. कोपर सोललं. मी हळद घ्यायला आत पळाले, डबा सापडंना, भायेर येते तर बानूबाई तिकडनं हळद घिऊन हजर! साठ पावलं पळत आली, ह्या वयात! माझ्या दारात, माझ्या पोराला, माझ्याआदी! तो उठला, गाडी उभी केली, माझ्याकडं बघितलं आन् म्हणला, 'आय, आडवायचंच हुतं तर हाक मारायची.' गेला.

हाक मारायची म्हणं. सोपं हाय का ते? हाक मारली आन् न्हाई थांबला तर? समदी वस्ती बघती. बानूबाई बघती. ब्रेकरवर कसं, हळू व्हावंच लागतंय, न थांबून जाईल कुठं.

काय म्हणता? दोन ब्रेकरमंदी एवढं कमी अंतर चालत न्हाई? मग तिचा काढा की! …न्हाई, न्हाई, ऱ्हाऊ द्या. सोनम लंगडत का व्हईना, आता रस्त्यात खेळती. तो नका काढू. पर नियम मोडून एक बसवा माझा, बारका बसवा. हां, ही अशी. खडूची रेघ जाड मारा, पुसली न्हाई पायजे. काल बी आली हुती बानूबाई, तुम्ही येणार कळलं असंल तिला. म्हणली, तुझ्या झाडाची चार बोटकं दे चिचंची, आमटीला पायजेत. चांगली गाभुळलेली दिली मी. आमटीला गाभुळी चिच कोण घालतं? तिला म्हणलं न्हाई, मनात म्हणले.

थांबा. ही त्याची गाडी. आवाज वळखते मी. आज सुट्टी न्हाई, मग एवढ्या लवकर कसा? मागं हर्षदा बसलीय. बघा आता, ब्रेकर आला… बघितलं का? दोन्ही पाय टेकवलं त्यानं. चालवत काढतोय गाडी, अंडी ठेवल्यावानी. एवढं हळू का काढतोय? आन् बानूबाई उठली बघा वट्यावरनं. काय दिलं हर्षदाच्या हातात? …माझी चिच हाय ती. माझ्या झाडाची चिच तिनं माझ्या सुनंला दिली. आन् ती तिथंच खातीय, गाडीवर बसून, डोळं मिटून.

आमटीला म्हणं. सटवीनं मला सांगितलं न्हाई. तिला ठाव हुतं, काल माझ्या दारात उभी राहून तिला ठाव हुतं!

ओ साहेब, पुसा ती रेघ. पुसा म्हंते ना! हितं काय बसवायचं न्हाई, पोरीला झटका बसंल. अर्ज फाडा. अंगठा माझाच हाय, मी सांगते फाडा. आन् आवाज का येईना गाडीचा? गेर टाकला न्हाई आज त्यानं. हळूच येतोय, रस्त्याच्या कडंनं. हितं काय ब्रेकर न्हाई तरी हळू येतोय.

आवो, सरका की मधनं! तुमचा तो टेप गोळा करा रस्त्यातला, त्याच्या चाकात जाईल. च्या पुन्यांदा कवा तरी. जावा तुम्ही आता, जावा —

बिरूऽऽ! ए बिरू! अरं चिच हाय हितं, ताजी पाडून देते तिला… थांब की रं जरा!