माझी चौदा वर्षं ईरानं वाचून दाखवली

अन् वरून टाळ्याही मीच वाजवल्या! नाही, तुम्हीच सांगा, आपलं सारं बालपण आपल्या डोळ्यांसमोर दुसरीच पोट्टी माइकवरून सांगून राहिली, अन् आपण तिसऱ्या रांगेत साडीची पिन सांभाळत टाळ्या वाजवून राहिलो, याले काय म्हणायचं? समजूतदारपणा? संस्कार? मले तर वाटते डोकंच फिरलं होतं माझं… पण वाजवल्या! दोन्ही हातांनी वाजवल्या!

तुम्हाले सांगते, आमच्या शाळेत बारावीच्या फेअरवेलला अकरावीवाले समोसे देतात अन् बारावीतलं कोणीतरी एक जण सगळ्यांच्या वतीनं भाषण देते. केजीपासून बारावीपर्यंत, चौदा वर्षं, पाच मिनिटांत. तर आमच्या मंदाकिनी मॅडम मलेच म्हणाल्या, "देवश्री बेटा, तुम तो बचपन से यहीं हो, तुम ही बोलना." मले! जिनं चौदा वर्षांत वर्गात "प्रेझेंट मॅम" सोडून काही म्हटलं नाही, अन् तेही दोनदा म्हणावं लागे, काहून की पहिल्यांदा कोणाले ऐकूच जात नसे! तरी मी घरी येऊन ठरवलं… बस, एकदा. एकदाच तोंड उघडायचं, आपलं आपण सांगायचं, मग कॉलेजात पुन्हा मुकी राहीन, चालते.

आठ दिवस लिहिलं. खोडलं, पुन्हा लिहिलं. अन् प्रॅक्टिसच्या दिवशी स्टेजवर उभी राहिली, वाचायले सुरुवात केली, तर मॅडम दुसऱ्या बाकावरून ओरडल्या, "बेटा, शुरू करो!" मी दुसऱ्या पानावर पोचली होती हो! मग त्या माइकजवळ आल्या, माझ्याकडे पाहिलं, माइककडे पाहिलं, म्हणाल्या, "देखो, लिखने वाला अलग होता है, बोलने वाला अलग होता है." अन् कागद घेतला अन् देल्ला कोणाले? ईराले! चौबे कॉलनीतली ईरा. आवाज असा की मैदानात बोलली तर कँटीनवाला वळून पाहते. चांगली आहे पोट्टी, मी नाही म्हणत नाही. पण ती भिलाईहून आमच्या शाळेत आली कधी? अकरावीत! दीड वर्ष झालं तिले इथं, दीड!

मी हळूच म्हटलं, "मॅम, यात 'मी' लिहिलं आहे… तो मी म्हणजे मी आहे…" तर मॅडम म्हणतात, "अरे, मैं क्या, तुम क्या, पूरी क्लास एक परिवार है!" परिवार म्हटल्यावर काय बोलता? परिवारात तर माणूस गप्पच बसते.

मी मनाले समजावलं. म्हटलं, जाऊ दे, वर्गात चाळीस पोरं आहेत, निम्मी तर केजीपासूनची आहेत, त्यांनी सारं डोळ्यांनी पाहिलं आहे, पहिल्याच वाक्याले माना वळवतील अन् म्हणतील, अगं, ही तर देवश्री!

फेअरवेलच्या दिवशी ईरा उठली. काय ते चालणं, काय ते केस मागे टाकणं! सुरू केलं, "पहिल्या दिवशी मी हिरालाल भैयाच्या ऑटोचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, मले ओढून काढलं तर एक बूट ऑटोतच राहिला, अन् सारा दिवस मी एका बुटावर काढला…" आमच्या ब्राह्मणपाऱ्यातून आलेला ऑटो होता तो! माझा बूट होता! डावा! अन् माझ्यासमोर बसलेला विकी, जो त्या दिवशी माझ्याच शेजारी बसून बोट दाखवून हसला होता, तो डोळे पुसून म्हणतो, "हव यार, मेरे को याद है! ईरा एक जूते में थी!" काय याद आहे रे तुले? ती तेव्हा भिलाईत दोन्ही बूट घालून फिरून राहिली होती!

अन् मी? टाळ्या!

पुढे सातवीतली प्रार्थना. मले 'आजचा विचार' सांगायले उभं केलं होतं, अन् विचार असा गेला डोक्यातून की मी दोन मिनिटं नुसती उभी. तर सगळ्यांले वाटलं कोणी तरी वारलं, मौन आहे. आठशे पोरांनी माना खाली घातल्या, प्रिन्सिपॉल सरांनी चष्मा काढला! ईरानं ते असं सांगितलं, अशी जागा घेऊन थांबली, की हॉल नुसता हसून हसून पडला. दोन मिनिटं मौन, अन् ईरा! ती पोट्टी झोपेतही बोलत असन! अन् पूर्णिमा, माझी केजीपासूनची मैत्रीण, त्या प्रार्थनेत माझ्या बाजूले उभी राहून "बोल ना, बोल ना" म्हणून मले कोपर मारणारी पूर्णिमा, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसते अन् विचारते, "तू आई थी क्या उस दिन?"

आली होती गं बाई. थोडा वेळ आली होती.

अन् शेवटचं वाक्य! उरल्याच्या कारखान्यांकडून वारा आला की आमच्या खिडकीत काळी धूळ बसते, आम्ही त्यात बोटानं नावं लिहायचो, अन् सोमवारी पाहिलं तर नावावर नवीन धूळ… ते एक वाक्य मी तीन दिवस घासलं होतं. ईरा वर पंख्याकडे पाहत म्हणाली. मॅडम रडल्या. प्रिन्सिपॉल सर उभे राहिले. सर उभे राहिले म्हणून सारे उभे राहिले, सारे उभे राहिले म्हणून मीही उभी राहिली, अन् उभी राहून काय केलं? टाळ्या! पिन निसटली तरी टाळ्या!

तेवढ्यात मॅडमनं स्टेजवरून हाक मारली, "देवश्री! बेटा, ऊपर आओ!" वाटलं, आता सांगतात, हे हिनं लिहिलं. गेली. मॅडमनं माझ्या हातात बुके देल्ला अन् म्हणाल्या, "ईरा को दे दो." देल्ला. ईरानं मले घट्ट धरलं, कानात म्हणते, "मैंने ठीक बोला ना? तेरे को अच्छा लगा ना?" अन् खरंच विचारून राहिली होती हो! आता अशा पोट्टीवर राग काढता येते का? नाही येत. म्हणून तर जास्त येते!

ती खाली उतरली. माइक माझ्यासमोर, चालू. म्हटलं, देवश्री, आत्ता नाही तर कधीच नाही. सारा जीव गोळा केला अन् म्हटलं, "हॅलो…" अन् मागून साउंडवाला म्हणतो, "दीदी, चेक हो गया है, हटिए."

हटली.

घरी आली तर आई ऑफिसमधून येऊन चहा घेत मोबाइल पाहून राहिली होती. भाषणाचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर माझ्या आधी घरी पोचला होता. आईचे डोळे ओले. "काय बोलली गं ईरा! किती आठवते त्या पोरीले! नाही तर तू, विचारलं तर तोंडातून शब्द नाही."

मी साडीच्या निऱ्या सोडू लागली.

व्हिडिओत तेवढ्यात डब्याचं आलं. पाचवीपर्यंत आईची रेल्वे ऑफिसची घाई, म्हणून रोज डब्यात पोळीले तूप-साखर लावून गुंडाळी, रोज तीच, अन् ती पोट्टी ते झाकणाआड लपवून खायची. आईनं कप खाली ठेवला. "अगंबाई! रोज? वाढत्या पोरीले रोज साखर-पोळी? कशी असन गं हिची आई?"

आता काय सांगू? म्हटलं, "तुझ्यासारखीच आहे."

तर आई एवढी चिडली, एवढी चिडली! "माझ्यासारखी? मी तुले कधी देल्ला गं असा डबा?"

बरोबर आहे तिचं. मले कुठे देल्ला… ईराले देल्ला.