गाढवाच्या पंक्तीला बसलेला उंदीर

शिष्या : ...तर बाई, आपली उंदरीण, पट्टराणी, श्वास आत ओढताना चिरकते! जगातला दुसरा उंदीर असं करतो का? नाव काढलं पोरीनं!

बाई : टेबलावरून खाली उतर. ही प्रयोगशाळा आहे. उंदराचा आवाज निघतो तो श्वास सोडताना. आत-बाहेर दोन्हीकडून ओरडण्याचा मान गाढवाचा.

शिष्या : मग गाढव म्हणा तिला! हा आलेख बघा ना. मेंदूच्या देठातल्या आवाजाच्या पेशींवर प्रकाश सोडून त्यांना जागं केलं, त्यांनी कंठ आवळला नि झाली सुरू. रेघ वर, म्हणजे श्वास आत. आणि आवाज नेमका तिथेच! तासाभराने समितीपुढे हेच सांगणार. पदवी खिशात!

बाई : हसं झालं, तर पदवी राहील बाजूला आणि पुन्हा पहिल्यापासून उंदीर पाळत बसशील. ती हवा मोजायची नळी काढ. पूस. आता तोंडाला लावून श्वास ओढ.

शिष्या : हं...

बाई : रेघ कुठे गेली?

शिष्या : खाली. पण वर जायला... अगं बाई!

बाई : नळी धुऊन परत कोणी जोडली होती?

शिष्या : मीच. उलटी.

बाई : गाढव कोण, त्याचा निकाल लागला.

शिष्या : (हसू आवरत नाही) मेले मी! सकाळीच घरी आजोबांना फोन केला होता, त्यांनी एव्हाना सगळ्या गल्लीला सांगितलं असेल!

बाई : गल्लीचं नंतर पाहू. आलेख उलटा करून वाच.

शिष्या : आवाज सगळा श्वास सोडतानाच. म्हणजे चारचौघांसारखंच... थांबा, थांबा! प्रकाश चालूच आहे, पेशींना ‘ओरड, ओरड’ म्हणतोय, तरी आवाज मधेच तुटतोय!

बाई : कुठे तुटतो?

शिष्या : श्वास आत जातो तिथे. इथेही. इथेही! बाई, श्वासाच्या पेशी आवाजाच्या पेशींना दटावून गप्प करताहेत!

बाई : म्हणजे घरात शब्द कोणाचा चालतो, ते कळलं. आवाजानं कितीही थयथयाट करावा. श्वास ‘सरक’ म्हणाला, की निमूटपणे सरकायचं.

शिष्या : हे तर गाढवाहून भारी! नाचू?

बाई : एक गिरकी. उपकरणं सांभाळून.

शिष्या : पण नळीचं समितीला सांगायचं?

बाई : आधी तेच सांगायचं.

शिष्या : आणि सगळे हसत सुटले तर?

बाई : हसू दे की. हसणाऱ्यालाही मधे श्वास घ्यावाच लागतो. तेवढ्यात तू पुढचं वाक्य म्हण.